तीन मिनिटांत न मावणारे पलुस्कर

द. वि. पलुस्करांची थोरवी सांगताना आजही त्यांच्या भजनांच्या तबकड्यांचेच दाखले दिले जातात. हा इतिहास नव्हे; बाजाराच्या सोयीने उरलेला उतारा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तीत ख्याल मावत नाही, फार तर त्याची ओळख मावते.

याबाबत प्रोग्रेसिव्ह रॉकचे रसिक अधिक शहाणे म्हणावे लागतील. ‘येस’ या ब्रिटिश बँडचा ‘येससाँग्ज’ (१९७३) हा प्रत्यक्ष मैफलींतून ध्वनिमुद्रित केलेला, तीन तबकड्यांचा अल्बम ते स्टुडिओतील कामाइतकाच प्रमाण मानतात. वडील विष्णु दिगंबर यांच्या नाशिकच्या आश्रमात वाढलेल्या आणि १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी निवर्तलेल्या गायकाला मात्र हा न्याय नाही! विलंबित ख्यालाची त्यांची सावकाश बढत मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतच ऐकू येते. त्यांत खरखर आहे, म्हणून ती दुय्यम? कसर लागलेली बखर कोणी रद्दीत घालत नाही.

खरा अपराध वेगळाच आहे: तारीख, स्थळ, साथीदार यांपैकी काहीही न नोंदवता अशी ध्वनिमुद्रणे ‘दुर्मिळ’ म्हणून पुढे ढकलली जातात. नोंद पुसली की पुरावा संपतो, उरते ती करमणूक.