साडेअठरा तास आणि चार वैमानिक

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. विमान वाटेत कोठेही न उतरता ते साधारण साडेअठरा तासांत कापते. मात्र कामगार बंधू-भगिनींनो, एवढ्या पल्ल्यासाठी वैमानिक चार असतात. ते आळीपाळीने विमान चालवतात. झोपण्यासाठी विमानातच बिछाने असतात. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते, हे तेथे नियमानेच मान्य केले आहे.

मग मालगाडीचा लोको पायलट व त्याचा सहाय्यक यांनाच वेगळा न्याय का? इंजिनात त्यांच्या जागी बसणारे दुसरे कोणी नसते. अनेक इंजिनांत शौचालयही नाही. साइन-ऑनपासून ठरलेले तास भरले की रिलीफ मिळालाच पाहिजे. ही सवलत नव्हे, सुरक्षिततेची मागणी आहे.