वाटीभर सांबार

पुण्याहून निघताना आमच्या हिने बांधून घेतलेल्या दशम्या बडनेरा येण्यापूर्वीच संपल्या. त्यामुळे सेवाग्रामच्या आश्रमात मी शिरलो तो रिकाम्या पोटी. आदिनिवास पाहिला, बापूकुटी पाहिली. १९३६ साली गांधीजी राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. टपाल चुकून बुलढाण्याकडल्या शेगावास जाई, म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले, हेही हिला सांगून झाले. पण एकादश व्रतांतील ‘अस्वाद’ या व्रतावर मी बोलू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “अहो, ते जेवल्यावर सांगा.”

इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक खानावळ दिसली. खानावळ म्हणजे राहत्या घराची पुढली पडवी. दोन बाकडी, दोन टेबले. बाई भाकऱ्या थापीत होत्या, यजमान वाढीत होते आणि आठवी-नववीतली मुलगी दप्तर बाजूला सारून पाणी देत होती. पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि भात.

“वरून सांबार टाकू का जी?” मुलीने विचारले.

“टाकू नकोस. वेगळ्या वाटीत आण,” मी ऐटीत सांगितले.

मुलगी क्षणभर थबकली. मग तिने वाटीभर चिरलेली कोथिंबीर आणून पुढ्यात ठेवली. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर! बोलीभाषांवर दरवर्षी वर्गात चार तास बोलणाऱ्या प्राध्यापकाने ती वाटी निमूटपणे संपविली. हिने मदत केली नाही.

रश्श्यावर लाल तर्री तरंगत होती. दुसऱ्या घासाला जिभेला काही कळेनासे झाले. म्हणजे एका परीने अस्वादव्रतच साधले म्हणायचे! माझे डोळे पाहून बाईंनी न मागता दह्याची वाटी पाठविली.

समोरच्या बाकावर एक म्हातारे कास्तकार जेवत होते. यवतमाळकडचे. बायको इस्पितळात, आज बारावा दिवस, असे त्यांच्या बोलण्यावरून कळले. एक भाकरी खाऊन दुसरी त्यांनी हळूच डब्यात घातली. बाईंनी तो डबा ओढून घेतला, त्यात दोन गरम भाकऱ्या आणि वरण भरले व परत दिला. म्हातारबुवा उठून गेले. पैशांची गोष्ट कोणीच काढली नाही.

हिशेब देताना मी आवाज खाली आणून म्हणालो, “त्या बाबांचेही माझ्यातच धरा.”

बाईंचा हात परातीतच थांबला.

“नाही जी. कापूस निघाला का देतात ते. पोरीच्या वहीत लिहून ठेवलं आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुम्ही दिले तं उद्या त्यांना इथं जेवायला लाज वाटन.”

मी नोट खिशात परत ठेवली. कान मात्र तापले होते, आणि ते तर्रीने नव्हे. आपण दान करू निघालो होतो की स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायला, याचे उत्तर स्टेशनापर्यंत सापडेना. गाडी रात्रीची होती. ही एकाएकी म्हणाली, “एक दिवस राहू या का? उद्या गोळाभात आहे म्हणे.”

राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दोन्ही बाकडी भरलेली. म्हातारबुवांनी मला पाहून सरकून जागा करून दिली, बायकोला आज बरे आहे म्हणाले, आणि मुलगी काही न विचारता सांबाराची वाटी घेऊन आली.