गाडी खाली, माणूस तिच्याखाली

होस्टेलमध्ये गाड्यांचा विषय निघाला की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. आमच्या लेडीज होस्टेलमध्येसुद्धा! मायलेज, पिकअप, अलॉय व्हील सगळं होऊन जातं. सध्याची क्रेझ म्हणजे जुनी पद्मिनी शोधायची आणि तिला 'लो' करायची. जमिनीला टेकल्यासारखी गाडी फोटोत भारी दिसते, यात वादच नाही. पण त्या फोटोत एक माणूस कधीच नसतो, तो म्हणजे त्या गाडीचं मागचं चाक बदलणारा. आज मला त्याची बाजू मांडायची आहे.

आधी पद्मिनीविषयी थोडं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मागे आडवा अखंड एक्सल लीफ स्प्रिंगवर बसवलेला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे लीफ स्प्रिंगला मराठीत कमानपाटे म्हणतात हे मला कोणत्या पुस्तकात नाही, गॅरेजमध्ये कळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. म्हणजे आता ही गाडी पोटापाण्याची राहिली नाही, हौसेची झाली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल कोण मोजतो हे बघायला पाहिजे.

गाडी लो करतात म्हणजे काय करतात? एखादा पाटा काढतात, पाट्यांचा बाक कमी करतात किंवा एक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळा घालतात. बॉडी खाली येते आणि चाक मडगार्डच्या आत वर सरकतं. आता मागचं चाक पंक्चर झालं असं समजा. हवा गेली की तो कोपरा अजून दोन-तीन इंच बसतो आणि साधा जॅक खाली शिरतच नाही. मग आधी चाक फळीवर चढवा, नंतर जॅक लावा. बरं, जॅक एक्सलखाली लावला तर एक्सलबरोबर बॉडीही उचलली जाते, चाक मडगार्डच्या आत होतं तिथंच राहतं. नट निघतात, चाक निघत नाही! म्हणून जॅक बॉडीच्या मजबूत भागाला लावायचा, म्हणजे एक्सल स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि चाकाला वाट मिळते. शॉकअप छोटे बसवले असतील तर एक्सल तेवढाही लोंबत नाही. मग टायरची हवा पूर्ण सोडून ते दाबून काढायचं, आणि नवीन टायर बिनहवेचं आत घालून नंतर हवा भरायची. एवढ्यानेही जमलं नाही तर एक्सलला दुसरा जॅक देऊन शॉकअपचं खालचं टोक सोडायचं, आणि ब्रेकच्या होसपाइपला ताण बसत नाही ना ते बघत बसायचं.

एवढ्या सगळ्या वेळात कुणाचा तरी हात, कधी डोकंसुद्धा, त्या गाडीखाली असतं. बहुतेक वेळा ते गॅरेजमधल्या आपल्याच वयाच्या पोराचं असतं.

आणि इथे आपला अभ्यासक्रम कामाला येतो. गाडी गिअरमध्ये आहे म्हणजे हलणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं, आणि गाडी गिअरमध्ये असूनही सरकते. डिफरन्शियलची आकृती आपण परीक्षेत दहा मार्कांसाठी काढतो, पण पुढच्या चाकांना दगड का लावायचे याचं उत्तर त्याच आकृतीत आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? तसंच आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जॅक लावला तर तो फळीशिवाय सरळ मातीत जातो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच नाही.

काही मित्र म्हणतील, "आम्ही पैसे देतो ना!" मान्य. पण पैसे चाक बदलायचे दिलेले असतात, धोक्याचे नाही. मूळ गाडी बनवणाऱ्याने चाक सहज निघेल एवढी जागा ठेवली होती. ती आपण हौसेपायी काढून घेतली, म्हणून जबाबदारीही आपलीच. शिवाय कायदाही आहेच. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. म्हणजे लो करून आपण मडगार्डमधली जागाही घालवतो आणि कदाचित गाडीचा मानही.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. पण माझं म्हणणं एवढंच, की ज्याला गाडी लो करायची आहे त्याने आधी त्या उंचीवर मागची दोन्ही टायरं स्वतःच्या हाताने बदलून दाखवावीत. जमलं नाही तर गाडी वर घ्यावी. आणि सरांना व वर्कशॉपच्या स्टाफला विनंती, की फायलिंग आणि वेल्डिंगच्या जॉबबरोबर एक जॉब चाक बदलण्याचाही ठेवा. दगड, फळी, जॅक, स्टँड, सगळं क्रमाने. चार वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडताना इंजिनिअरला निदान एवढं तरी आलंच पाहिजे, की आपण बनवलेल्या वस्तूखाली दुसऱ्या कुणाला बिनधास्त हात घालता यावा.