फळा कुणाच्या बापाचा?

संन्यासी आणि गणिती, एकाच माणसात दोन्ही. असं नाव निघालं की आपली पोरं दोन तऱ्हेनं वागतात. एक म्हणतो, भगवं दिसलं ना, मग सोड तिच्यायला. दुसरा आईबापाच्या घामाचे पैसे भरून 'वैदिक गणिता'च्या क्लासला बसतो. नगरात अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. दोघांपुढं मी दोन स्वामी ठेवतो.

पहिले भारती कृष्ण तीर्थ, पुरीचे शंकराचार्य. १९६० साली वारले. त्यांचं 'वैदिक गणित' १९६५ साली निघालं. सोळा सूत्रं, म्हणे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली. पण पुस्तकाच्या संपादकालाच आत लिहावं लागलं की माहीत असलेल्या परिशिष्टांत ही सूत्रं नाहीत! मग वैदिक कशावरून? स्वामी म्हणाले म्हणून. युक्त्या खोट्या नाहीत. ९८ गुणिले ९७ : शंभराला दोन कमी, तीन कमी. ९८ मधून ३ गेले ९५, दोन त्रिक सहा. उत्तर ९५०६. झकास! पण हे का जमतं ते आठवी-नववीच्या बीजगणितात आहे. त्यासाठी वेदाच्या पाया पडायची गरज नाही.

दुसरे महान महाराज, म्हणजे स्वामी विद्यानाथानंद. कानपूर आयआयटी, मग १९९७ ला बर्कलेची पीएच.डी., मग रामकृष्ण मठात संन्यास. पुढं मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. हायपरबोलिक भूमितीतला, वर्षानुवर्षं अडलेला प्रश्न त्यांनी सोडवला. २०११ ला भटनागर पुरस्कार, २०१५ ला इन्फोसिस. २०१४ साली 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'नं त्यांची सिद्धता छापली, ती भगवं बघून नव्हे. ओळन् ओळ तपासून. तिथं 'स्वामी म्हणाले' चालत नाही. चूक निघाली की स्वामीही घरी.

दोस्तांनो, फरक इथं आहे. एक सांगतो, माना. दुसऱ्याला सिद्ध करावं लागतं. मानायला लावणाऱ्यांनी आपल्याला हजारो वर्षं गावकुसाबाहेर ठेवलं. सिद्धता मागणं हे आपलं हत्यार आहे, ते त्यांच्या हाती कशाला सोडता?

आणि त्यागाचं कौतुक मला सांगू नका. ज्याच्याकडं असतं तो सोडतो. माझ्या बापानं ७२ च्या दुष्काळात शाळा सोडली, नगर जिल्ह्यात रस्त्यावर खडी फोडली. त्याला कुणी संन्यास म्हटलं नाही. मुकादम मापात मारायचा म्हणून बाप ढिगाची लांबी, रुंदी, उंची तोंडी गुणायचा, शंभरानं भागायचा, ब्रास सांगायचा. त्याला कुणी गणितीही म्हटलं नाही.

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात उदाहरण सोडवायला फळ्याकडं निघाले, तेव्हा वर्गात बोंब उठली. सवर्ण पोरांचे डबे फळ्यामागं होते ना! डबे हलवले, मग बाबासाहेबांनी फळा गाठला. भाकरी बाटेल ही भीती होती. गणित बाटत नाही, हे त्या पोरांना कोण सांगणार?

म्हणून सांगतो : क्लासची फी वाचवा. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी फळा टांगा. शिकवणारा भगव्यात येवो की पँटीत, त्याला एकच विचारा : सिद्ध कर.