विश्लेषण : कोकरांना हिरवा चारा की खुराक? दोन्ही, पण मापात

कळव्यासारख्या दाट वस्तीत चरायला रान नाही. तिथे बांधून पाळलेल्या कोकरापुढे कधी बाजारातला उरलेला पाला पडतो, तर कधी नुसता मका. दोन्ही प्रकारांत नुकसान पाळणाऱ्याचेच होते.

नुसता हिरवा चारा का पुरत नाही?
वाढत्या कोकराला वजनाच्या साधारण 4 टक्के शुष्क पदार्थ लागतो. म्हणजे 15 किलोच्या कोकराला रोज 600 ग्रॅम. पावसाळी कोवळ्या गवतात 85 टक्क्यांपर्यंत पाणी असते. तेवढ्यावरच भागवायचे तर कोकराने 4 किलो गवत खायला हवे. ते शक्य नाही. पोट भरलेले दिसते, वजन मात्र वाढत नाही.

मग खुराकच वाढवला तर?
धान्य एकदम वाढले की कोटीपोटात आम्लता वाढते. कोकरू चारा सोडते, हगवण लागते, प्रसंगी दगावते. धान्याच्या अतिरेकाने आंत्रविषाराचा धोकाही वाढतो. त्याची लस वेळेवर हवीच. गाई-म्हशींचे खाद्य मेंढ्यांना देणेही धोक्याचे, कारण जास्तीचे तांबे मेंढीला सोसत नाही.

मेळ कसा घालावा?
250 ग्रॅम खुराकातून सुमारे 225 ग्रॅम शुष्क पदार्थ मिळतो, दीड किलो बऱ्यापैकी वाढलेल्या हिरव्या चाऱ्यातून 300 ग्रॅम. उरलेले 75 ग्रॅम मूठभर कडबा किंवा हरभऱ्याच्या भुसकटातून येतात. हिरवा चारा थोडा सुकवून, सुक्यात मिसळून द्यावा. लसूणघास, शेवरी, दशरथ घास यांतून प्रथिने मिळतात, त्यामुळे महागड्या पेंडीवरचा खर्च कमी होतो. सुबाभळीचा पाला चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नसावा. कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा.

सरकारने काय करावे?
महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 मेंढा अशा गटासाठी 75 टक्के अनुदान आहे. पण अनुदानावर जनावर दारी आले, तरी ते जगते दावणीवर. मेंढीबरोबर चाऱ्याचे ठोंब, बियाणे आणि आहाराचे साधे कोष्टक हाती दिले, तरच त्या पैशाचे चीज होईल. तोवर पाळणाऱ्याने एक वजनकाटा घ्यावा आणि दर पंधरवड्याला कोकरू तोलावे. आहार जमला की नाही, हे काटाच सांगेल.