बदलून टाका!

“काका, हे बदलून टाका!” एवढे एकच वाक्य येणाऱ्याला मेकॅनिक म्हणण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिला माझा जाहीर विरोध आहे. बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. नाहीतर दाढदुखीवर डोके बदलणेही उपचारात धरावे लागेल.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात नांदायला आली आणि पुढे नाव बदलून पद्मिनी झाली. मुंबईत तिच्या बहिणी २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून राबत होत्या. आमच्या बाईंचा डावा इंडिकेटर मध्यंतरी रुसला. आत टकटक चाले, पण अडखळत. या वयात अडखळायचेच, म्हणून मी दुर्लक्ष केले.

एका संध्याकाळी डावीकडे वळताना मागून आलेली एक स्कूटरवाली मुलगी थोडक्यात वाचली. मीच उलट तावातावाने ओरडलो, “इंडिकेटर दिसत नाही का?” तिने गाडीमागे जाऊन पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “नाही काका, खरंच दिसत नाहीये.” मागचा इंडिकेटर निरांजनासारखा मिणमिणत होता आणि शेजारचा तांबडा दिवा त्याला साथ देत होता.

गॅरेजवाल्याने जुने बल्ब काढून एलईडी बसवले. आता टकटकही थांबली. “फ्लॅशर बदलून टाका.” मग, “वायरिंगच बदलून टाका.” आणखी अर्धा तास थांबलो असतो, तर मालकही बदलायला सांगितला असता.

वास्तविक जुना फ्लॅशर म्हणजे तापून वाकणारी धातूची पट्टी. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. त्या प्रवाहाने पट्टी तापते, वाकते, दिवा विझतो. निवते, पुन्हा लागतो. एलईडी इतका अल्पाहारी, की पट्टीला ऊबच मिळत नाही! आणि मूळ दुखणे होते अर्थिंगचे. या गाडीत विजेची परतीची वाट पत्र्यातून जाते. होल्डरखाली गंज धरला, वाट अडली आणि वीज शेजारच्या तांबड्या दिव्यातून चोरवाटेने घरी जाऊ लागली. मी जुने बल्ब परत लावले, पॉलिश पेपरने गंज घासला, हिच्या कपाटातले व्हॅसलीन बोटभर चोपडले. दिवा लख्ख!

बदलूच नये असे नाही. तुटल्या फिलामेंटचा बल्ब कोणी सांधत बसू नये. पण आधी बिघाड शोधा. ‘बदलून टाका’ म्हणणाऱ्याला ‘मला कळले नाही’ म्हणावे लागत नाही, एवढीच त्याची सोय. पैसे आपले जातात. आणि ‘चालतंय की’ म्हणणारा माझ्यासारखा मालक तर त्याहून वाईट. तो दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर बचत करतो. इंडिकेटर हा गाडीचा दागिना नव्हे. मागच्याला दिलेला शब्द आहे.

हल्ली वळताना मी इंडिकेटर लावतो आणि शिवाय हातही बाहेर काढून गोल फिरवतो. काका कबुतरे उडवताहेत, असे समजून लोक हसतात. हसू देत. त्या निमित्ताने बघतात तरी!