पूररेषा नदीची, शिक्षा वस्तीची?

26 जुलै 2005 ला उल्हास आणि वालधुनीचे पाणी घराघरांत शिरले. त्यानंतरही पाणथळ जागांवर भराव पडतच राहिला. भरावावर टॉवर उभे राहतात, पाणी मात्र उतार शोधत खालच्या वस्तीत येते. वर त्याच वस्तीला 'अतिक्रमण' म्हणायचे!

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासाठी पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला. पूर म्हणजे नशीब नव्हे, नियोजनाचा प्रश्न.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पालिकांकडे आमची मागणी आहे: भराव थांबवा, नाले यंत्राने साफ करा, पुनर्वसन त्याच शहरात करा. मित्रांनो, माहिती अधिकारात आपल्या प्रभागाचा पूररेषा नकाशा मागा. लढाई तिथून सुरू होते. जय भीम!